डिझेलचा धूर : बंद गॅरेज, तळघरातला जनरेटर आणि छातीत उतरणारे कण

काजळीशास्त्री (धागाकर्ता)

प्रदूषणाचा धागा निघाला की चर्चा दिल्ली आणि दिवाळी या दोन स्टेशनांवरच थांबते. ज्यांच्या नाकापासून चार फुटांवर रोज डिझेल इंजिन चालू असतं ते गॅरेजमधले मिस्त्री, डेपोतले कामगार, बोगदे खोदणारे, जनरेटर सांभाळणारे त्या चर्चेत कुठेच नसतात. खरं तर सगळ्यात भक्कम पुरावा त्यांच्याबद्दलचाच आहे. म्हणून हा धागा वेगळा काढला.

आधी हे कण कुठून येतात ते पाहू. डिझेल इंजिनात हवा दाबून तापवतात आणि त्यात इंधनाचा फवारा मारतात. फवाऱ्याच्या गाभ्यात इंधन जास्त आणि हवा कमी असते. तिथे इंधन पूर्ण जळत नाही, त्याचे रेणू तुटून पुन्हा कड्या-कड्यांनी जुळतात आणि २०-३० नॅनोमीटरचे कार्बनचे गोळे तयार होतात. हे गोळे एकमेकांना चिकटून साखळ्या बनतात, बहुतेक ५० ते ३०० नॅनोमीटरच्या. धूर थंड होताना न जळलेलं डिझेल, इंजिन ऑइलची वाफ, सल्फेट आणि बहुचक्री हायड्रोकार्बन या साखळ्यांवर बसतात. बेन्झोपायरीन त्यातलंच एक. १-नायट्रोपायरीन तर डिझेलच्या धुराचं इतकं खास आहे की प्रयोगशाळेत त्याच्यावरून ‘हा धूर डिझेलचाच’ असं ओळखतात. शिवाय इंजिन ऑइलमधल्या रसायनांचं जस्त आणि कॅल्शियम असतंच.

दुसरी जात ५० नॅनोमीटरच्या आतल्या थेंबांची. हे सायलेन्सरच्या तोंडाशी, धूर हवेत मिसळताना जन्मतात. वजन मोठ्या कणांत असतं आणि संख्या छोट्यांत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे पीयूसीच्या वेळी लागेल.

श्वासातून गेल्यावर ५-१० मायक्रॉनच्या वरचे कण बहुतेक नाक-घशात अडकतात. २० नॅनोमीटरच्या आसपासच्या कणांपैकी जवळपास निम्मे थेट वायुकोशांत बसतात. १०० ते ३०० नॅनोमीटरचे बरेचसे उच्छ्वासाबरोबर परत येतात, पण जे बसतात ते सहजी निघत नाहीत. बसलेला माणूस मिनिटाला ६-८ लिटर हवा घेतो आणि चाक खोलणारा ३० लिटरच्या पुढे, तेही तोंडाने. हवा तीच असली तरी मात्रा चौपट.

आता पुरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने (मुख्यालय लियॉन, फ्रान्स) १९८८ मध्ये डिझेलचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकला होता. जून २०१२ मध्ये तो पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या पंगतीत नेला. एक खबरदारी : हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. ‘डिझेल म्हणजे सिगारेटच’ असे जे फॉरवर्ड फिरतात ते इथेच घसरतात.

निर्णयामागचा मुख्य अभ्यास अमेरिकेतल्या खाणकामगारांचा. आठ खाणी : न्यू मेक्सिकोतल्या तीन पोटॅशच्या, वायोमिंगमधल्या तीन ट्रोना या सोड्याच्या खनिजाच्या, ओहायोतली एक मिठाची आणि मिझुरीतली एक चुनखडीची. एकूण १२,३१५ कामगार. मुद्दाम अशा खाणी निवडल्या की जिथे रेडॉन, सिलिका आणि ॲस्बेस्टॉस नगण्य, म्हणजे बोट डिझेलकडेच राहावं. फुफ्फुसाच्या कर्करोगाने झालेल्या १९८ मृत्यूंची त्याच खाणींतल्या इतर ५६२ कामगारांशी धूम्रपान वगैरे जमेस धरून तुलना केली. सर्वाधिक धूर घेतलेल्या गटात धोका सर्वांत कमी गटाच्या जवळपास तिप्पट (२.८३) निघाला. हा हिशोब आजाराच्या आधीची १५ वर्षं वगळून केलेला आहे. गाठ एका रात्रीत होत नाही.

२०१४ मध्ये हे आकडे ट्रकचालकांच्या दोन अभ्यासांशी जोडले गेले. ४५ वर्षं कामावर सरासरी १ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर एलिमेंटल कार्बन (काजळीतला निव्वळ कार्बन) असेल तर दर १०,००० कामगारांमागे आयुष्यभरात कर्करोगाचे १७ जादा मृत्यू, १० मायक्रोग्रॅमला २००, आणि २५ ला ६८९. आता मर्यादा बघा. युरोपीय संघाची कामाच्या जागेची मर्यादा ५० मायक्रोग्रॅम, फेब्रुवारी २०२३ पासून. बोगदे आणि भूमिगत खाणींना २०२६ पर्यंत सवलत होती. नेदरलँड्सने २०२० मध्येच १० वर आणली. अमेरिकेतल्या खाणींची मर्यादा १६०, पण ती एकूण कार्बनची, त्यामुळे आकडे एकमेकांसमोर ठेवून तुलना करू नका.

प्रतिसादांत गॅरेज, जनरेटर, मास्क, मोजणी यावर कामाची माहिती हवी आहे. ‘आमच्या लहानपणी हवा किती स्वच्छ’ हे दुसऱ्या धाग्यावर.

---

शंकासुर

लेख चांगला, पण तीन शंका.

१. प्रयोगांत डिझेलच्या धुराने उंदरांना फुफ्फुसात गाठी झाल्या, पण तशा गाठी नुसत्या शुद्ध कार्बनच्या भुकटीनेही होतात. मग डिझेलचा दोष कुठला?

२. खाणीतली इंजिनं जुनी, गंधकाने भरलेल्या डिझेलवर चालणारी. ते आकडे बीएस-६ या नव्या मानकाच्या गाड्यांना कसे लावता?

३. खाणीत हवा कोंडलेली. रस्त्याशी संबंध काय?

---

काजळीशास्त्री

१. बरोबर. म्हणून उंदरांवर भिस्त नाही. घनमीटरला हजारो मायक्रोग्रॅम धूर दिला की उंदराच्या फुफ्फुसाची सफाई ठप्प होते आणि मग कुठल्याही भुकटीने गाठी होतात. माणसात तसं होतं असा पुरावा नाही. २०१२ चा निर्णय माणसांवरच्या अभ्यासांनी फिरला, उंदरांनी नाही.

२. ही तुमची सगळ्यात वजनदार शंका. अमेरिकेत २००७ च्या मानकांचं, कणांची गाळणी बसवलेलं इंजिन घेऊन उंदरांना ३० महिन्यांपर्यंत धूर दिला. निकाल २०१५ मध्ये आला : फुफ्फुसात गाठी नाहीत. म्हणजे नवं, धडधाकट गाळणी असलेलं इंजिन ही वेगळीच चीज आहे. आपल्याकडे बीएस-६ देशभर १ एप्रिल २०२० पासून आलं. डिझेल कारची कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली, शिवाय कणांच्या संख्येचीही मर्यादा लागली, किलोमीटरला ६ वर ११ शून्यं. ते गाळणीशिवाय जमत नाही. पण त्याआधीचे ट्रक, टेम्पो, जेसीबी, जनरेटर, बोटी अजून चालूच आहेत, आणि ज्या बीएस-६ गाडीची गाळणी काढून टाकलीय ती पुन्हा जुन्यांतच जमा.

३. रस्त्यावर पातळी कमी असते पण माणसं जास्त. त्याच २०१४ च्या हिशोबात हवेत आयुष्यभर ०.८ मायक्रोग्रॅम असेल तर १०,००० मागे २१ जादा मृत्यू येतात. रस्त्यापासून अंतर मात्र झपाट्याने मदत करतं. मोठ्या रस्त्याच्या कडेचे अतिसूक्ष्म कण आणि काजळी साधारण १५० ते ३०० मीटरमध्ये आसपासच्या पातळीवर येतात.

---

पिंपळपान

कर्करोगाच्या आकड्यांत हृदय मागे पडतं, म्हणून वैद्यकीय बाजू थोडी मांडतो.

एडिंबरा आणि स्वीडनमधलं उमिओ इथल्या गटांचे प्रयोग या विषयातले सगळ्यात नेटके. २००७ चा प्रयोग : आधी हार्ट ॲटॅक येऊन गेलेले पण स्थिर असलेले २० पुरुष. एक तास, मधूनमधून सायकल चालवत, एकदा गाळलेली हवा आणि एकदा ३०० मायक्रोग्रॅमचा पातळ केलेला डिझेलचा धूर. धुराच्या दिवशी ईसीजीतली एसटी रेषा जास्त खाली गेली, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत होतं. गुठळी विरघळवणारं जे द्रव्य रक्तवाहिनी स्वतः सोडते ते तिसरा हिस्सा घटलं. छातीत दुखलं कुणाच्याच नाही. म्हणून ‘मला तर काही होत नाही’ याला फार अर्थ नाही.

२०११ मध्ये त्याच संशोधकांनी सायलेन्सरला कणांची गाळणी लावून पाहिली. कण ३२० मायक्रोग्रॅमवरून ७ वर आले. तेव्हा रक्तवाहिन्या पुन्हा नीट सैलावू लागल्या आणि गुठळीचा कल उतरला. म्हणजे हृदयाच्या बाबतीत मुख्य गुन्हेगार कण.

दमा असलेल्यांसाठी लंडनचा प्रयोग (२००७). ६० जण, दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालले, वेगळ्या एका दिवशी हाइड पार्कमध्ये. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर तेव्हा फक्त बस आणि टॅक्सी, म्हणजे सगळं डिझेल. पहिल्या सेकंदाच्या फुंकरीची क्षमता रस्त्यावर जास्तीत जास्त ६.१ टक्क्यांनी उतरली, बागेत १.९ टक्क्यांनी. ज्यांचा दमा आधीच मध्यम, त्यांना जास्त.

आत काय घडतं ते थोडक्यात : वायुकोशातल्या भक्षक पेशी कण गिळतात पण पचवू शकत नाहीत. कणावरची रसायनं आणि धातू ऑक्सिडेशनचा ताण वाढवतात, पेशी दाहाचे संदेश सोडतात आणि ते संदेश रक्तात उतरतात. ॲलर्जी असलेल्यांत डिझेलचे कण परागासारख्या ॲलर्जनबरोबर आले तर आयजीई (ॲलर्जीच्या प्रतिपिंडांची) प्रतिक्रिया नुसत्या परागापेक्षा कितीतरी जोरात उठते. बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाने २०१९ मध्ये काजळीचे कण वारेच्या (प्लासेंटाच्या) गर्भाकडच्या बाजूलाही दाखवले. गरोदर बाईला जनरेटरच्या खोलीशेजारी बसवू नये, याला आणखी पुराव्याची वाट बघायची गरज नाही.

तपासणीचं म्हणाल तर डिझेलच्या धुराची रक्त-लघवीची कुठलीही चाचणी रोजच्या वापरात नाही. छातीच्या एक्स-रेत कण दिसत नाहीत. कामाला लागतानाच एक स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुफ्फुसाची क्षमता मोजणारी चाचणी) करून तो कागद जपून ठेवा आणि दरवर्षी त्याच्याशी ताडून पाहा. ‘नॉर्मलच्या ८० टक्क्यांवर आहे ना’ एवढ्यावर समाधान मानू नका. स्वतःच्याच जुन्या आकड्यापासूनची घसरण जास्त बोलते.

---

भोंगा

गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघते म्हणतात. कित्येक कारखान्यांत पाळी संपली की गुळाचा खडा वाटतात. त्यात तथ्य?

---

पिंपळपान

गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, कण श्वासनलिकेतून फुफ्फुसात. वाटाच वेगळ्या. श्वासनलिकांच्या आतली केसाळ त्वचा वरच्या भागातला कचरा साधारण दिवसभरात घशाकडे ढकलते, गूळ खा वा न खा. वायुकोशांत तसे केस नाहीत, तिथले कण निघायला महिने-वर्षं लागतात. हळदीचं दूध, वाफ, काढा, कशानेच तिथपर्यंत पोचता येत नाही. गूळ वाटायला हरकत नाही, फक्त तो वाटला म्हणून पंखा बसवायचं रद्द होऊ नये.

---

नोझलवाला

गॅरेजचं मी सांगतो.

गाडी चालू ठेवून तपासायची तर सायलेन्सरच्या तोंडाला धूर-ओढणीचा पाइप लागलाच पाहिजे. भिंतीवरचा एक्झॉस्ट पंखा हे उत्तर नाही, तो धूर आधी मिस्त्रीच्या तोंडावरून नेतो आणि मग बाहेर टाकतो.

पंखा किती मोठा? सहा लिटरचं इंजिन १,५०० आरपीएमला घ्या. चार स्ट्रोकचं, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. ६ × ७५० = मिनिटाला ४,५०० लिटर, तासाला २७० घनमीटर. धूर ३०० अंशांना असेल तर फुगून जवळपास दुप्पट, ५०० च्या वर. टर्बोचा दाब असेल तर आणखी. त्यामुळे ट्रकसाठी तासाला १,००० घनमीटरच्या खाली जाऊ नका. पाइप उष्णतेला टिकणारा घ्या. साधा पीव्हीसीचा होज दोन आठवड्यांत वितळतो आणि मग कुणी लावतच नाही. पाइपचं तोंड सायलेन्सरवर घट्ट बसवू नका, भोवती बोटभर फट ठेवून सोबत थंड हवा ओढू द्या. घट्ट बसवलं आणि पंखा बंद पडला तर बॅक प्रेशर (अडलेल्या धुराचा उलटा दाब) इंजिनावर.

धुराचा रंग बघून आधी इंजिन सुधारा :

काळा : इंधन जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर, मग टर्बोनंतरच्या होजची गळती, मग नोझल टेस्टरवर. फवारा नीट फुटायला हवा. नोझल थेंब गाळत असेल किंवा एका बाजूला धार मारत असेल तर बदला. पंप कॅलिब्रेशन शेवटी. ‘पिकअप वाढव’ म्हणून पंपाचं सील तोडून इंधन वाढवणं हा काळ्या धुराचा सगळ्यात मोठा कारखाना.

निळा : ऑइल जळतंय. रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील.

पांढरा : थंड इंजिनात न जळलेलं डिझेल. गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

आता डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची कणांची गाळणी. काजळी जाळायला गाळणीत ५५०-६०० अंश लागतात. हायवेवर ते होतं, शहरातल्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत होत नाही. जळण अर्ध्यावर सोडून चावी बंद केली की जादा मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी चढलेली दिसली तर तो ‘ऑइल खात नाही’ म्हणून आनंद मानायचा प्रकार नव्हे, ऑइल बदला. ऑइल कंपनीने सांगितलेलं कमी राखेचंच टाका. काजळी जळते, राख जळत नाही, ती गाळणीत साचत जाते.

गाळणी साफ करताना कॉम्प्रेसरची हवा उघड्यावर मारू नका. सगळ्यात वाईट धूळ तीच. बंद यंत्रात साफ करणाऱ्याकडे द्या. उभ्या गाडीवर रिजनरेशन (गाळणीतली काजळी जाळणं) करायचं तर गॅरेजबाहेर, खाली वाळलेलं गवत नाही अशा जागी.

आणि ‘डीपीएफ डिलीट’ करून देणारे… गाळणीच्या आतला गाभा फोडून डबा तसाच ठेवतात, सॉफ्टवेअर बदलतात. बाहेरून काही दिसत नाही.

जमीन कोरडी झाडू नका. ओलं पुसा. जुन्या ऑइलला हात लावताना नायट्राइलचे हातमोजे घाला, त्यात त्याच काजळीची रसायनं असतात आणि कातडीतून आत जातात.

---

शंकासुर

पण डिलीट केलेली गाडी पीयूसीत पास होते की.

---

शून्य_मायक्रॉन

होणारच. पीयूसीत डिझेल गाडीला रेस देऊन धुरातून प्रकाश किती अडतो ते मोजतात. बीएस-४ ला मर्यादा १.६२ प्रति मीटर, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. प्रकाश मोठ्या कणांनी अडतो. आधुनिक इंजिनाचे कण इतके छोटे की गाळणी काढली तरी काटा फारसा हलत नाही. म्हणून बेल्जियमने २०२२ मध्ये आणि नेदरलँड्स, जर्मनीने २०२३ मध्ये वार्षिक तपासणीत आयडलवर कण मोजायला सुरुवात केली. नेदरलँड्समध्ये घनसेंटिमीटरला १० लाखांच्या वर गेलं की नापास, जर्मनीत अडीच लाख. चांगली गाळणी यांच्या कितीतरी खाली असते, फुटलेली कितीतरी वर, त्यामुळे वादाला जागा राहत नाही. आपल्याकडे ही पद्धत यायला हवी. धूरमापक यंत्राने डिलीट पकडणं जमणार नाही.

---

सातवा_मजला

सोसायटीचा १२५ केव्हीएचा जनरेटर तळघरात असेल आणि लिफ्टमध्ये धुराचा वास येत असेल तर कुठून सुरुवात करावी?

---

केव्हीए

लिफ्टचा खड्डा हाच तुमचा चोर. उंच शाफ्टमध्ये हवा खालून वर चढते आणि तळघरातून धूर ओढते. जनरेटर लोडवर चालू असताना लिफ्टच्या तळाच्या दाराच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर निदान झालं.

मग क्रमाने :

१. गळती. इंजिन आणि सायलेन्सरमधला लवचिक बेलो, प्रत्येक फ्लँजचं गॅस्केट. काळे ओघळ किंवा काजळीचा पंखा उमटलेला दिसला की तिथे गळतंय. बेलो तडकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच : पाइपचं वजन त्याच्यावर टांगलेलं असतं. पाइपला वरून स्वतंत्र आधार द्या.

२. रेडिएटरची गरम हवा. ती डक्टने बाहेर गेली पाहिजे आणि ताजी हवा दुसऱ्या बाजूने आली पाहिजे. दोन्ही जाळ्या शेजारी असतील तर तीच हवा फिरत राहते, इंजिन तापतं, धूर वाढतो.

३. चिमणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र : इमारतीची उंची + ०.२ × केव्हीएचं वर्गमूळ. १२५ चं वर्गमूळ ११.१८, म्हणजे गच्चीच्या वर सव्वादोन मीटर. इमारत २२ मीटर तर तोंड २४.२ मीटरवर. पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली पाइप सोडून दिलेले सर्रास दिसतात, ते नियमात बसत नाहीत. इतक्या लांब पाइपला व्यास वाढवावा लागतो, नाहीतर बॅक प्रेशर इंजिनाच्या मर्यादेबाहेर जाऊन काजळी आणखी वाढते. काटकोनी एल्बोऐवजी मोठ्या वळणाचे बेंड घ्या, पुरवठादाराकडून बॅक प्रेशरचा हिशोब लेखी घ्या. तोंडावर टोपी नको, ती धूर खाली ढकलते. धुराच्या जोराने उघडणारी झडप लावा. पाइपच्या तळाशी पाणी काढायला कॉक.

४. चाचणी. दर आठवड्याला विनालोड अर्धा तास चालवायची पद्धत बंद करा. लोड ३० टक्क्यांखाली असला की सिलिंडर तापत नाही, न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचतं आणि खरी लाइट गेली की पहिल्या दहा मिनिटांत ते सगळं धुराने बाहेर येतं. महिन्यातून एकदा अर्धा तास, किमान ३० टक्के लोडवर : लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे, सगळं त्याच्यावर टाकून.

जुन्या सेटला गाळणी बसवून देतो म्हणणारे येतील. आधी विचारा, नेहमीच्या लोडवर धुराचं तापमान किती? ते ३०० अंशांच्या आसपास सतत जात नसेल तर आपोआप साफ होणारी गाळणी दोन महिन्यांत तुंबेल. अशा ठिकाणी विजेच्या हीटरने जाळणारी लागते.

कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १४ मध्येच होतं की बसवलेल्या इंजिनाचा धूर उघड्या हवेत नेल्याशिवाय ते चालवायचं नाही. निवासी इमारतीचं फुफ्फुस काही वेगळ्या मातीचं नसतं.

---

कोकणकडा

थोडं विषयांतर, पण बोगद्यांचा उल्लेख झाला म्हणून. कोकण रेल्वेवर ९१ बोगदे, त्यात रत्नागिरीजवळचा कारबुडे साडेसहा किलोमीटरचा. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण होईपर्यंत गाड्या डिझेल इंजिनांवरच होत्या. लांब बोगद्यात गाडी हवा पुढे ढकलते, पण धूर तिच्या मागे, डब्यांभोवतीच राहतो. चढावर वेग कमी आणि इंजिनावर लोड जास्त, म्हणजे सगळ्यात जास्त काजळी सगळ्यात जास्त वेळ. १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णे सुरू झालेल्या रो-रो सेवेत चालक-क्लीनर वाघिणीवरच्या आपल्या ट्रकमध्येच बसून जातात. त्यांच्यासाठी विजेचं इंजिन ही चैन नव्हे. चर्चा मात्र सगळी डिझेल किती वाचलं याचीच झाली.

---

भोंगा

एन९५ पुरतो का? आणि पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला तर?

---

शून्य_मायक्रॉन

मास्क : कण अडवण्याची क्षमता एन९५ मध्ये आहे, नॅनोमीटरच्या कणांचीही. घोळ कडेला होतो. दाढी असली की संपलं. कानात अडकवायच्या दोऱ्यांचे घेऊ नका, डोक्यामागून जाणारे दोन पट्टे हवेत. दुसरं, ‘एन’ म्हणजे तेलकट कणांसाठी नसलेला. डिझेलचे कण तेलकट असतात, त्यामुळे पाळीभर वापरायचा तर रबरी अर्धमुखवटा आणि तेलकट कणांनाही चालणारी पी१०० गाळणी. वायू यातलं काहीही अडवत नाही. नायट्रोजन डायऑक्साइडला रंगकामाचं नेहमीचं कार्ट्रिजही चालत नाही. सर्जिकल मास्कबद्दल बोलायला नको.

अलार्म : लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. डिझेल इंजिन पेट्रोलच्या मानाने कार्बन मोनॉक्साइड कमी सोडतं. डोळे चुरचुरेपर्यंत काजळी आणि नायट्रोजन डायऑक्साइड साठलेला असताना अलार्म गप्प असू शकतो.

मोजणी : दोन-तीन हजारांचा लेझर मीटर ०.३ मायक्रॉनच्या खालचे कण जवळपास बघतच नाही. गॅरेजमध्ये तो ‘४०, ठीक’ दाखवतो तेव्हा डिझेलचे बहुतेक कण त्याच्या नजरेखालून गेलेले असतात. पंखा लावण्याआधी आणि नंतर तुलना करायला ठीक, निर्वाळा द्यायला नाही. खरी मोजणी एलिमेंटल कार्बनची : कामगाराच्या कॉलरला क्वार्ट्झ गाळणीची कॅसेट, कमरेला मिनिटाला दोन लिटर ओढणारा पंप, पूर्ण पाळी. मग ती गाळणी प्रयोगशाळेत टप्प्याटप्प्याने तापवून कार्बन वेगळा करतात. पद्धतीचं नाव नायॉश (NIOSH, अमेरिकेची कामगार-आरोग्य संस्था) ५०४०. प्रयोगशाळा ठरवताना याच नावाने विचारा. नुसतं ‘पीएम २.५ करून देतो’ म्हणाले तर त्यात उदबत्ती, रस्त्याची धूळ, वेल्डिंग सगळं आलं.

पंप लावायच्या आधी आणि नंतर प्रवाह तपासून दोन्ही आकडे अहवालात हवेत. कॅसेट नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत. सोबत एक कॅसेट गॅरेजबाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे रस्त्याचा वाटा वजा करता येतो. आणि मोजणीचा दिवस कामाचा निवडा. मालकाने त्या दिवशी गाड्याच बाहेर उभ्या केल्या तर अहवाल सुंदर येईल.

---

नोझलवाला

शेवटच्या वाक्याला +१. त्या दिवसाची जॉबकार्डं अहवालाला जोडायला सांगा : किती गाड्या, कुठल्या, इंजिन किती वेळ चालू. त्याच्याशिवाय आकडा वाचता येत नाही.

---

सातवा_मजला

उदबत्तीचा प्रयोग केला तर आधी लिफ्ट बंद ठेवायची ना? लिफ्ट वर गेली की हवा तशीही ओढली जाणार.

---

केव्हीए

हो, लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवून मेन स्विच बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग उदबत्ती. तळघराची रॅम्पची बाजू आणि दारं रोजच्यासारखीच ठेवा. आधी जनरेटर बंद असताना बघा, मग चालू करून. रेडिएटरचा पंखा सुरू झाल्यावर धुराची दिशा उलटली तर समजा, पंखा तळघरात हवा कोंबतोय. डक्ट गळतोय किंवा मुळात लावलेलाच नाही.